वाचकांचे प्रश्न : कृमीच्या आहारातील लोह

मागील अंकात या सदरात ‘सी. एलिगन्स’ या गोलकृमीची ओळख करून दिली होती. मातीत आणि कुजणाऱ्या फळांत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा पारदर्शक प्राणी सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात केंब्रिज येथे अभ्यासासाठी निवडला, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो ई. कोलाय जीवाणूंच्या थरावर वाढवला जातो. ‘या कृमीला लोह लागते, पण हीम स्वतः बनवता येत नाही’ असे एक वाक्य त्या लेखात होते. (हीम म्हणजे मध्यभागी लोह धरून असलेला, हिमोग्लोबिनमध्येही असणारा रेणू.) आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्या एका वाक्याविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरला जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करते. आमच्या प्रयोगशाळेत कृमींसाठी जे एनजीएम अगार बनवतात त्यात मीठ, पेप्टोन, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट असते. लोहाचा क्षार कोठेच नसतो. तरीही कृमी उत्तम वाढतात. मग त्यांची लोहाची गरज किती, आणि ते लोह येते कोठून?

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. एक लिटर एनजीएमसाठी ३ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम पेप्टोन, १७ ग्रॅम अगार, ५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार प्रत्येकी १ मिलिमोल आणि पोटॅशियम फॉस्फेट २५ मिलिमोल अशी प्रचलित कृती आहे. कोलेस्टेरॉल मुद्दाम घालावे लागते, कारण कृमीला ते बनवता येत नाही आणि जीवाणूंमध्येही ते नसते. लोहाचे तसे नाही. पाककृतीत मीठ लिहिलेले नसले तरी लोणच्या-पापडातून ते ताटात येतेच. त्याप्रमाणे पेप्टोन आणि अगार यांच्यातून लोहाचा अंश माध्यमात उतरतो, तो जीवाणू वेचून घेतात आणि ते जीवाणू कृमीच्या पोटात जातात. ई. कोलायच्या एका पेशीत लोहाचे काही लाख ते दहा लाख अणू असतात, आणि कृमी असे जीवाणू अहोरात्र खात असतो. म्हणजे कृमीचा लोहाचा आहार हा मुळात जीवाणूंनी आधी मिळवलेल्या लोहाचा आहार आहे.

‘गरज किती’ या प्रश्नाला माणसाच्या बाबतीत देतात तसे एका आकड्याचे उत्तर देता येत नाही. आपल्याकडे प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. कृमीसाठी असा तक्ता नाही, आणि माझ्या मते तो करणे दिशाभूल करणारे ठरेल. द्रवरूप संवर्धनासाठी जे ‘एस माध्यम’ वापरतात त्यात लोह मुद्दाम घातलेले असते. त्याच्या सूक्ष्मधातूंच्या द्रावणातून माध्यमात सुमारे २५ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम, लोह येते, आणि ते विरघळलेले राहावे म्हणून सोबत त्याच्या दुप्पट ईडीटीए आणि त्याहून कितीतरी अधिक सायट्रेट असते. परंतु हे प्रमाण पुरेसे आहे एवढेच त्यातून कळते. किमान गरज त्यातून कळत नाही.

लोह लागते कशासाठी, हे मात्र निश्चित सांगता येते. डीएनए तयार होण्यासाठी लागणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर लोहावर चालते. तंतुकणिकांमधील श्वसनसाखळी लोह-गंधकाच्या समूहांवर आणि हीमवर उभी आहे. हा कृमी प्रौढ होईपर्यंत चार वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक नव्या कातेतील कोलॅजेन घट्ट विणले जाण्यासाठी जे विकर लागते तेही लोहाशिवाय काम करत नाही. त्याला लाल रक्त नाही, रक्ताभिसरणही नाही. तरी हिमोग्लोबिनच्या कुळातील ३३ ग्लोबिन जनुके त्याच्याकडे आहेत. तीन-चार दिवसांत अंड्यापासून प्रौढ होणाऱ्या आणि पुढे सुमारे ३०० अंडी घालणाऱ्या प्राण्याची लोहाची मागणी कमी असणे शक्यच नाही.

आता शोषणाकडे वळू. घशातील चक्की जीवाणू चिरडते आणि तो रस आतड्यात जातो. संपूर्ण आतडे अवघ्या २० पेशींचे आहे आणि अन्न त्यात साधारण दोन मिनिटांच्या आतबाहेर टिकते. दर ४५ ते ५० सेकंदांनी मलविसर्जनाचे चक्र फिरते. आतड्याच्या पोकळीची आम्लता सरासरी ४.४ पीएचच्या आसपास असते आणि त्या चक्राबरोबर खालीवर होते. ही आम्लता लोहाला विरघळलेले ठेवण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आतड्याच्या आतल्या पटलावर एसएमएफ-३ नावाचे वाहक प्रथिन आहे. ते फेरस (दोन धनप्रभारांच्या) स्वरूपातील लोह, त्यासोबत हायड्रोजनचे आयन, पेशीत घेते. आपल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात हेच काम डीएमटी-१ हे प्रथिन करते, आणि ही दोन्ही प्रथिने एकाच कुळातील आहेत. दोन मिनिटांच्या मुक्कामात एवढे सारे साधावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे लोह कोणत्या स्वरूपात समोर येते याला किती महत्त्व आहे ते कळते.

याच संदर्भात २०१८ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातून प्रसिद्ध झालेले काम मला फार मोलाचे वाटते. ई. कोलाय लोह मिळवण्यासाठी एन्टेरोबॅक्टिन नावाचा रेणू बनवून बाहेर सोडतो. अशा रेणूंना सिडेरोफोर म्हणतात आणि फेरिक (तीन धनप्रभारांच्या) लोहावरील त्यांची पकड निसर्गातील सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे. सिडेरोफोर म्हणजे यजमानाचे लोह पळवणारे हत्यार, अशीच आजवरची समजूत होती, आणि ती निराधारही नव्हती. आपल्या शरीरात तर एन्टेरोबॅक्टिनला पकडून निकामी करणारे लिपोकॅलिन-२ हे प्रथिन त्यासाठीच आहे. कोलोरॅडोच्या संशोधकांना मात्र उलटे दिसले. एन्टेरोबॅक्टिन बनवू न शकणारे जीवाणू खाल्लेल्या कृमींची वाढ मंदावली, आणि तो रेणू बाहेरून दिल्यावर ती सुधारली. हा रेणू कृमीच्या तंतुकणिकांतील एटीपी सिंथेज या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेच्या अल्फा उपघटकाला चिकटतो आणि लोह तंतुकणिकेत जाण्यास मदत करतो, असे त्यांनी दाखवले. माणसाच्या संवर्धित पेशींतही त्यांना तसाच परिणाम आढळला. याचा अर्थ असा की तुमच्या प्लेटवरील जीवाणू कृमीला लोह पुरवतात आणि शिवाय ते योग्य जागी पोहोचवण्याचे साधनही पुरवतात.

सगळ्याच जीवाणूंकडून असे साह्य मिळत नाही, हेही येथेच सांगायला हवे. स्यूडोमोनास एरुजिनोसा या रोगकारक जीवाणूचा पायोव्हर्डिन हा सिडेरोफोर द्रव माध्यमात कृमीच्या शरीरातील लोह काढून घेतो, तंतुकणिकांची हानी करतो आणि कृमी मरतात. २०१३ आणि २०१५ मधील कामांत हे दाखवले गेले. दोन्ही रेणू सिडेरोफोरच, दोन्ही जीवाणूंनीच बनवलेले; एक वाढवतो, दुसरा मारतो.

प्रश्न : याच प्रयोगशाळेतील माझ्या मैत्रिणीला कृमींमध्ये लोहाची कमतरता घडवून आणण्याचा लघुप्रकल्प करायचा आहे. बायपिरिडिल वापरावे असे सुचवले गेले आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : पहिली आणि सर्वांत महत्त्वाची काळजी म्हणजे प्लेटवर दोन सजीव आहेत, याचा विसर पडू देऊ नये. बायपिरिडिल फेरस लोह पकडते, पण ते कृमीच्या आधी जीवाणूंच्या तोंडचे लोह पकडते. लोह कमी पडलेला ई. कोलाय हळू वाढतो आणि त्याच वेळी अधिक एन्टेरोबॅक्टिन बनवू लागतो. मग कृमीची वाढ खुंटली तर ती लोह कमी पडल्यामुळे, अन्न कमी पडल्यामुळे की जीवाणूंचे रसायन बदलल्यामुळे, हे सांगता येणार नाही. म्हणून जीवाणू आधी साध्या माध्यमात भरपूर वाढवावेत, नंतर मारून किंवा त्यांची वाढ थांबवून प्रायोगिक प्लेटवर घालावेत, आणि जिवंत जीवाणूंची एक मालिका तुलनेसाठी स्वतंत्र ठेवावी.

दुसरी बाब फॉस्फेटची. एनजीएममध्ये २५ मिलिमोलर फॉस्फेट आहे आणि फेरिक लोह फॉस्फेटबरोबर अविद्राव्य साका बनवते. त्यामुळे ‘आम्ही इतके मायक्रोमोलर लोह घातले’ या वाक्याला एनजीएमवर फारसा अर्थ उरत नाही, कारण घातलेल्यापैकी किती विरघळलेले राहिले हे कोणी मोजलेले नसते. जादा लोहासाठी बहुधा फेरिक अमोनियम सायट्रेट वापरतात. ते घेतल्यास तेवढेच अमोनियम सायट्रेट, लोहाविना, घातलेली नियंत्रण प्लेट ठेवावी, आणि द्रावण प्रकाशापासून जपावे, कारण प्रकाशात ते बदलते. कमतरतेच्या बाजूने खरी कसोटी अशी की बायपिरिडिलने झालेला परिणाम लोह परत दिल्यावर मागे फिरला पाहिजे. तो मागे फिरला नाही तर तो बायपिरिडिलचा दुसराच काही दुष्परिणाम असू शकतो.

तिसरी बाब पिढीची. आई अंड्यात जो साठा भरून देते त्यावर पिल्लू काही काळ चालते. तेव्हा एका पिढीत काही दिसले नाही म्हणून कमतरता झालीच नाही असे समजू नये. पुढची पिढी पाहावी, अंडी मोजावीत, प्रौढ होण्यास लागणारे तास नोंदवावेत. फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या एफटीएन-१ जनुकाच्या नियामक भागाला हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडलेले कृमी मिळाले, तर पेशींना आत लोह किती जाणवते आहे याचा अंदाज सूक्ष्मदर्शकाखालीच येतो : लोह वाढले की आतडे उजळते, घटले की मंदावते. एकूण लोह मोजण्याची महागडी उपकरणे हाताशी नसलेल्या महाविद्यालयासाठी हा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

प्रश्न : मी पुण्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. लोह शरीरात आहे, पॉर्फिरिन (हीममधील लोहाभोवतीचे कडे) बनवण्यासाठी लागणारे ग्लायसिनही आहे, तर मग हा प्राणी हीम का बनवू शकत नाही? आणि बनवता येत नसेल तर त्याचे भागते कसे?

उत्तर : कारण मधल्या पायऱ्यांची विकरेच त्याच्याकडे नाहीत. आपल्या पेशींत ग्लायसिन आणि सक्सिनिल-सीओए यांच्यापासून सुरू होऊन आठ विकरांच्या साखळीने पॉर्फिरिनचे कडे तयार होते आणि अखेरीस त्याच्या मध्यभागी फेरस लोह बसवले जाते. जीवाणूंपासून माणसापर्यंत बहुतेक सजीवांत ही साखळी, थोड्याफार फरकाने, आहे. या गटातील कृमींना हीम बाहेरून लागते याचा सुगावा जुना आहे : १९७० मध्ये हीब, स्टॉकस्टॅड आणि रॉथस्टाइन यांनी सी. एलिगन्सच्या जवळच्या नात्यातील सी. ब्रिग्सी या कृमीचे प्रजनन हीमशिवाय होत नाही असे दाखवले होते. परंतु त्याचा पूर्ण अर्थ उलगडायला २००५ साल उजाडले. त्या वर्षी इक्बाल हमझा यांच्या मेरिलँड विद्यापीठातील गटाने सी. एलिगन्समध्ये ही साखळी चालत नाही हे सिद्ध केले, आणि मुक्त जगणाऱ्या प्राण्यात असे आढळणे सर्वांनाच नवे होते. जीवाणूविरहित द्रव माध्यमात त्यांनी हीमचे प्रमाण बदलून पाहिले. सुमारे २० मायक्रोमोलरला कृमी उत्तम वाढले, दीड मायक्रोमोलरच्या खाली वाढ थांबली, आणि प्रमाण फार चढवले तेव्हा हीमच विषारी ठरले.

म्हणून या कृमीच्या ‘लोहाच्या गरजे’विषयी बोलताना दोन गरजा वेगळ्या धराव्या लागतात, असे मी आग्रहाने म्हणेन. एक गरज सुट्या लोहाची, जे एसएमएफ-३ मधून आत येते आणि लोह-गंधकाच्या समूहांत किंवा काही विकरांत थेट बसते. दुसरी गरज तयार हीमची, जिला सुटे लोह कितीही दिले तरी उपयोग नाही, कारण त्या लोहाभोवती कडे बांधणारा कोणी पेशीत नाही. पुष्कळ लेखनात या दोन्ही गरजा एकाच ‘लोह’ या शब्दाखाली झाकल्या जातात आणि मग प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनासे होतात.

तयार हीम मिळवण्याची व्यवस्था फार देखणी आहे. हीमचे प्रमाण बदलल्यावर कृमीची कोणती जनुके जागी होतात हे हमझा यांच्या गटाने तपासले, आणि त्यातून २००८ मध्ये एचआरजी-१ आणि एचआरजी-४ ही हीमवाहक प्रथिने पुढे आली. एचआरजी-४ आतड्याच्या आतल्या पटलावर असते आणि जीवाणूंतून सुटलेले हीम पेशीत घेते. एचआरजी-१ पेशीच्या आत, लायसोसोमसारख्या पिशव्यांच्या पटलावर, साठ्यातील हीम बाहेर काढते. हीम कमी पडले की दोन्हींचे उत्पादन वाढते. हीमचा मोकळा रेणू पेशीला घातक असल्यामुळे तो कोणाच्या तरी हाती असावा लागतो, आणि आतड्यापासून दूरच्या अवयवांपर्यंत तो नेण्याचे काम २०११ मध्ये सापडलेले एचआरजी-३ करते. आईच्या आतड्यातून अंड्यांकडे हीम पोहोचते ते प्रामुख्याने याच्यामुळे; हीम कमी असताना एचआरजी-३ नसलेल्या आईची पिल्ले जगत नाहीत. आतड्यातून हीम बाहेर सोडण्याचे काम एमआरपी-५ हे आणखी एक प्रथिन करते.

आपल्यासारख्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना एक तपशील विशेष आवडेल. मध्यभागी लोहाऐवजी जस्त असलेले झिंक मेसोपॉर्फिरिन प्रकाशात चमकते, पण कृमी त्याला हीम समजून आत घेतो. त्यामुळे शोषण डोळ्यांनी पाहता येते. मध्यभागी गॅलियम असलेला रेणूही तो तसाच आत घेतो. तो मात्र त्याच्यासाठी विष ठरतो.

या शोधाचे महत्त्व कृमीपुरते राहिले नाही. माणसातही एचआरजी-१ आहे. म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी त्या पेशींतील हीम याच प्रथिनाच्या मदतीने वापरात परत आणतात. हे प्रथिन आधी माणसात शोधायचे म्हटले असते तर फार अवघड गेले असते, कारण आपल्या पेशी हीम बनवतही असतात आणि बाहेरून आलेले कोणते व घरचे कोणते हे वेगळे करता येत नाही. कृमीत घरचे काहीच नाही. जे आहे ते सारे बाहेरून आलेले, म्हणून वाट स्पष्ट दिसली.

प्रश्न : मी सोलापूरला बालरोगतज्ज्ञ आहे. आमच्या रुग्णांत यकृतातून येणारे हेप्सिडिन हे संप्रेरक लोहाचे शोषण आवरते. कृमीला यकृत नाही. मग त्याच्यात हे आवरण्याचे काम कोण करते?

उत्तर : आतड्याच्या पेशी स्वतःच. कृमीत हेप्सिडिन नाही, रक्तातून लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिनही नाही. लोह पेशीबाहेर सोडणाऱ्या फेरोपोर्टिनसारखी तीन प्रथिने त्याच्याकडे आहेत, पण त्यांना बंद करणारा यकृताचा निरोप नाही. आपल्या पेशींत आणखी एक यंत्रणा असते : लोह कमी झाले की आयआरपी प्रथिने फेरिटिनच्या संदेशक आरएनएला चिकटतात आणि त्याचे भाषांतर रोखतात. कृमीत त्या प्रथिनाचा भाऊबंद, अ‍ॅकोनिटेज-१, आहे खरा. पण तो आरएनएला चिकटत नाही, आणि त्याच्या फेरिटिनच्या आरएनएवर ती चिकटण्याची जागाही नाही. २००३ मध्ये हे स्पष्ट झाले तेव्हा प्रश्न उभा राहिला की फेरिटिन तरीही लोहाप्रमाणे कमी-जास्त कसे होते.

उत्तर जनुकाच्या पातळीवर सापडले. ईजीएल-९ या विकराला काम करण्यासाठी ऑक्सिजन आणि लोह दोन्ही लागतात. लोह पुरेसे असले की ते एचआयएफ-१ या प्रथिनावर खूण करते आणि खूण झालेले एचआयएफ-१ मोडले जाते. लोह घटले की खूण होत नाही, एचआयएफ-१ टिकते, ते एसएमएफ-३ चे उत्पादन वाढवून लोहाची आवक वाढवते आणि फेरिटिनचे उत्पादन घटवून साठवण कमी करते. लोह मुबलक झाले की हेच उलट फिरते, आणि आतड्याचा ईएलटी-२ हा नियामक फेरिटिनचे जनुक जोमाने चालवतो. आपल्याला हे ओळखीचे वाटेल, कारण आपल्या आतड्यातही लोह कमी झाल्यावर एचआयएफ-२ अल्फा डीएमटी-१ वाढवतो. ईजीएल-९ चे हे काम २००१ मध्ये याच कृमीवरील अभ्यासातून उघड झाले होते आणि तो ज्या मालिकेचा भाग होता त्या ऑक्सिजन-संवेदनाच्या संशोधनाला २०१९ चे नोबेल मिळाले. सस्तन प्राण्यांत यावर हेप्सिडिनचा आणखी एक थर चढला आहे. कृमीत तो थर नसल्यामुळे खालची यंत्रणा एकटी पाहायला मिळते, आणि बालरुग्णांशी थेट तुलना करताना हीच मर्यादा लक्षात ठेवावी लागेल.

प्रश्न : लोह कमी केल्यावर हे कृमी जास्त जगतात असे वाचले. मी साताऱ्याची गृहिणी आहे, माझे हिमोग्लोबिन कमी आहे आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या घेऊ की नको?

उत्तर : गोळ्या घ्याव्यात आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्याव्यात, जेवणाबरोबरचा चहा तेवढा दूर ठेवावा, कारण त्यातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते, आणि लिंबू किंवा आवळा जवळ करावा. आपण वाचले त्यात तथ्य आहे, पण त्याचा आपल्या गोळ्यांशी संबंध नाही. कृमी म्हातारा होताना त्याच्या शरीरात फेरस लोह साचत जाते, ते मेदांचे ऑक्सिडेशन घडवून पेशी मारते, आणि हे रोखणारी रसायने दिल्यास कृमी अधिक काळ सुस्थितीत राहतात, असे २०२० मधील एका कामात दिसले. त्याआधी, २०१२ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गटाने कृमीतील लोहाची पातळी बदलून पाहिली तेव्हा ऑक्सिडेशनचा ताण सोसण्याची क्षमता बदलली, पण म्हातारपण लांबले नाही. म्हणजे तज्ज्ञांतही हा वाद मिटलेला नाही. शिवाय तो कृमी भरल्या ताटावर बसलेला, लोहाची उणीव नसलेला प्राणी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा देशात, रक्तक्षय झालेल्या बाईने एका कृमीच्या आयुष्यमानावरून गोळी थांबवणे धोक्याचे आहे.

प्रश्न : आमच्या नागपूर-वर्धा भागात हत्तीरोग आहे आणि शाळेत मुलांना जंताच्या गोळ्याही देतात. हे रोगकारक कृमीही हीम बनवू शकत नाहीत का? त्या गोळ्या त्यावरच काम करतात का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर, आतापर्यंत तपासलेल्या कृमींपुरते, होकारार्थी आहे. हमझा यांच्या गटाच्या २००५ च्या त्याच कामात हुकवर्म या आतड्यातील रक्तपिपासू जंतासह काही परजीवी गोलकृमीही तपासले होते आणि त्यांच्यातही हीम बनवण्याची क्षमता आढळली नाही. हुकवर्मला ते आपल्या रक्तातून मिळते. आन्सायलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटर आणि नेकेटर जातीचा सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्ताची हानी करतो. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते आणि आपले आतडे दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषते. आन्सायलोस्टोमाचे दहा कृमी दिवसाला एक मिलिग्रॅम लोह बाहेर काढू शकतात. आतड्यात सांडलेल्या रक्तातील थोडे लोह पुन्हा शोषले जाते हे खरे, तरी वाढत्या वयाच्या मुलाला किंवा गरोदर बाईला हा तोटा भरून काढणे किती कठीण जाते ते या हिशेबावरून दिसेल.

हत्तीरोगाच्या कृमींची कथा थोडी निराळी आहे. आपल्या देशात हा रोग बहुतांशी वुचेरेरिया बँक्रॉफ्टायमुळे होतो. त्याच कुळातील ब्रुजिया मलायी या कृमीचा अभ्यास अधिक झाला आहे. त्याच्याही जनुकसंचात हीमची संपूर्ण साखळी नाही, पण त्याच्या पेशींच्या आत वोल्बाकिया नावाचे जीवाणू राहतात आणि त्यांच्याकडे ती आहे. या जीवाणूंनी कृमीला हीम पुरवले जात असावे, असा तर्क त्यावरून मांडला गेला. डॉक्सिसायक्लिनने वोल्बाकिया मारल्यास कृमींचे प्रजनन थांबते आणि पुढे ते मरतात. मात्र त्यात हीमचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. या औषधाचा हत्तीरोगासाठी उपयोग केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.

शाळेत मिळणारी गोळी अल्बेन्डॅझोलची असते आणि तिचा हीमशी संबंध नाही. ती कृमीच्या पेशींतील बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे पेशींचा सांगाडा आणि आतील वाहतूक कोलमडते. हे समजून घेण्यातही सी. एलिगन्सचा मोठा उपयोग झाला, कारण बेन-१ या ट्यूब्युलिन जनुकात बिघाड झालेले कृमी या गटातील औषधांना दाद देत नाहीत. कृमी हीम घेतो पण बनवत नाही, आणि आपण बनवतो, हा फरक औषधासाठी फार सोयीचा आहे, म्हणून त्या दिशेने प्रयत्न चालू आहेत. हुकवर्मच्या हीम बांधणाऱ्या एका प्रथिनावर आधारित लसीच्या चाचण्याही माणसांवर झाल्या आहेत. कृमीचे हीमवाहक प्रथिन बंद पाडणारे औषध मात्र अजून बाजारात आलेले नाही.